दुसऱ्याच्या आवाजातले बाबा

बाबा हिंदी सिनेमात इन्स्पेक्टर होते. कधी डॉक्टर, कधी हिरॉइनचे वडील, उतारवयात एक-दोनदा जज्ज. पण लोकांच्या लक्षात राहिले ते इन्स्पेक्टर म्हणूनच. डोंबिवलीच्या बाजारात भाजी घेताना भाजीवाला वजनकाटा हातात धरून त्यांच्याकडे बघत राहायचा. "साहेब, तुम्हाला कुठेतरी बघितलंय." बाबा मिशीतल्या मिशीत हसायचे. "पोलीस स्टेशनात बघितलं असशील," म्हणायचे. त्यांचं नाव कुणाला माहीत नसायचं. सिनेमाच्या शेवटी नावं वर सरकायला लागेपर्यंत लोक चपला शोधायला लागलेले असत.

त्याआधी ते आंबिवलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. कारखान्याचं नाटकमंडळ होतं आणि दर वर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत त्यांचं नाटक असायचं. ती नाटकं मी आईच्या मांडीवर अर्धवट झोपेत पाहिली. कथा एकही आठवत नाही. आठवतो तो बाबांचा आवाज. घरी ते फार कमी आणि हळू बोलायचे. स्टेजवर मात्र तोच माणूस तोंड उघडायचा आणि मी दचकून जागी व्हायचे. ओरडायचे नाहीत. पण शब्द असा यायचा, की शेवटच्या रांगेतल्या बाईने पदर तोंडाला लावलेला मी पाहिलाय. आई माझ्या कानात म्हणायची, "झोप गं, बाबा आहेत ते." पण मला झोप यायची नाही.

मी सहावीत असताना कारखाना बंद पडला. काही महिने बाबा रोज सकाळी दाढी करून, शर्ट खोचून खिडकीपाशी बसत. मग नाटकमंडळातले त्यांचे एक मित्र त्यांना मुंबईला एका सिनेमाच्या ऑफिसात घेऊन गेले. तिथल्या माणसाने बाबांना उभं केलं, बाजूने बघितलं, उंची बघितली, मिशी बघितली आणि विचारलं, "हवालदार करोगे?"

बाबा नाही म्हणाले. हवालदार म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. हिरोच्या मागे धावायचं, पाय घसरून पडायचं, टोपी उडायची आणि लोकांनी हसायचं. "मी पडणार नाही," म्हणाले. एवढं बोलून ते निघाले, तेव्हा त्या माणसाने मागून हाक मारली आणि इन्स्पेक्टरचं काम दिलं. हा प्रसंग बाबांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितला, की मला तो मी स्वतः पाहिल्यासारखा दिसतो.

शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर जायचो. पाण्याच्या टाक्यांमागे शेजारच्या काकूंचे पापड वाळत घातलेले असायचे, ते जपून ओलांडायचे. बाबा इन्स्पेक्टर व्हायचे आणि मी हिरो. हिरोचे सगळे संवाद माझ्याकडे. "इन्स्पेक्टर साहब, मैं बेगुनाह हूँ!" मी किंचाळायचे. बाबा थोडं थांबायचे. ते थांबणं मला फार आवडायचं. मग म्हणायचे, "चलो. जरा चौकी तक चलना पड़ेगा." नाटकातलाच आवाज, फक्त हिंदीतून. मला खरंच वाटायचं, आता हे मला घेऊन जाणार.

पहिला सिनेमा लागला तो कल्याणच्या एका टॉकीजला. आमची अख्खी बिल्डिंग गेलेली. आईने लग्नातली साडी नेसलेली. मध्यंतरानंतर जीप आली, दार उघडलं, बूट दिसले, मग बाबा. आमच्या रांगेत शिट्ट्या, टाळ्या. पडद्यावर बाबा थोडं थांबले आणि त्यांनी तोंड उघडलं.

त्यातून दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज आला.

जाड, घोटलेला, उत्तरेकडचा आवाज. आमची रांग एकदम गप्प झाली. मी आधी पडद्याकडे बघितलं आणि मग अंधारात शेजारी बसलेल्या बाबांकडे. ते पडद्यावर नजर लावून बसलेले. बाहेर आल्यावर शेजारच्या काकूंनी अगदी मायेने विचारलं, "आवाज बसलेला का हो तेव्हा?"

"हो ना," बाबा म्हणाले. "धूळ फार होती."

खरं कारण त्यांनी परत येताना रिक्षात आईला सांगितलं. डबिंगच्या दिवशी त्यांना बोलावलंच नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, त्यांचा 'च' मराठी आहे. आपल्या 'चमच्या'तला च, 'चाय'मधला नव्हे. "मराठी आवाज हवालदाराला चालतो, इन्स्पेक्टरला नाही चालत, म्हणाले." आईने साडीचा पदर घट्ट लपेटून घेतला. थोड्या वेळाने म्हणाली, "मग हवालदारच करायचा होतात."

"नाही," बाबा म्हणाले. "पडलो नाही ना मी?"

त्यानंतर काम येत राहिलं, आणि जवळजवळ प्रत्येक कामात तोच आवाज आला. एकदा तो आवाज त्या चेहऱ्याला बसला, म्हणून मग सगळ्यांनी तोच वापरला. तो ज्यांचा होता त्या गृहस्थांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. घरात त्यांचा उल्लेख 'ते दुसरे' असा व्हायचा. टीव्हीवर बाबांचा सिनेमा लागला की आई आवाज बंद करून बघायची.

"अगं, आवाज वाढव, गोष्ट तरी कळू दे," बाबा म्हणायचे.

"गोष्ट मला माहीत आहे. शेवटी तुम्ही येऊन बेड्या घालता."

आणि खरोखर ती शेवटपर्यंत तशीच बघत बसायची. बाबांचे ओठ हलायचे आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

कर्जतकडे शूटिंग असलं की प्रॉडक्शनची गाडी बाबांना शीळफाट्यावरून घ्यायची. डोंबिवलीत शिरायला ड्रायव्हर तयार नसत. बाबा रिक्षाने फाट्यापर्यंत जायचे आणि ट्रकच्या धुळीत, हातावर कव्हरमधला सूट घेऊन उभे राहायचे. कॉलेजात असताना मी कधीकधी त्यांच्यासोबत जाऊन थांबायचे. गाडी यायला उशीर झाला की ते तिथेच संवाद म्हणून बघायचे. एकदा मी विचारलं, "बाबा, तुमचा आवाज ठेवणारच नाहीत, मग एवढं पाठ कशाला करता?"

त्यांनी जरा विचार केला. "समोरच्याला ऐकू जातं ना," म्हणाले. "समोर जो उभा असतो, त्याला तर माझाच ऐकू जातो."

पुढे मला ठाण्याच्या कोर्टात स्टेनोची नोकरी लागली. बाबांना जज्जाचं काम मिळालं तेव्हा मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे कुणी हातोडा आपटत नाही, 'ऑर्डर ऑर्डर' म्हणत नाही. साहेब नुसते चष्म्यावरून बघतात. बाबांनी सेटवर तसं करून बघितलं. दिग्दर्शकाने हातोडा दिलाच. घरी येऊन म्हणाले, "तुझ्या कोर्टाला सांग, हातोडा घ्या एक. छान वाटतं."

त्यांनी साठी ओलांडली आणि काम कमी झालं. इन्स्पेक्टर तरुण हवे होते. मिशी पांढरी झाली. मराठीत कधी कुणी बोलावलं नव्हतंच. तिथे ते 'हिंदीवाले'. अशात एका नव्या दिग्दर्शकाचा फोन आला. मुलगा बेपत्ता झालेला बाप. दोनच प्रसंग, पण मोठे. आणि डबिंग नाही, सेटवर बोलाल तोच आवाज राहणार. म्हाताऱ्याची हिंदी मराठी वळणाची असायला हवी, म्हणूनच त्यांना बोलावलं होतं.

फोन ठेवून बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. आई पोळ्या करत होती.

"माझा आवाज चालेल म्हणे," ते म्हणाले.

आईने पोळी तव्यावर तशीच ठेवली आणि मागे वळली. पोळी करपली, ती त्या दिवशी बाबांनी खाल्ली.

इतक्या वर्षांनी आम्ही पुन्हा गच्चीवर गेलो. मी इन्स्पेक्टर आणि बाबा तक्रार घेऊन आलेले. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायची त्यांना सवय नव्हती, सारखे ताठ व्हायचे. शूटिंग ठाण्यातच, एका जुन्या बंगल्यात पोलीस चौकी उभी केलेली. मी रजा काढून सोबत गेले. पण आवाज तिथेच घ्यायचा म्हणून पंखे बंद केले, फोन बंद केले, आणि कामाची नसलेली सगळी माणसं बाहेर काढली. त्यात मीही. जिन्याच्या पायऱ्यांवर बसून मी बंद दाराकडे बघत राहिले. एक शब्दही बाहेर आला नाही. दुपारी बाबा बाहेर आले ते घामाने भिजलेले, आणि चेहऱ्यावर असं काही, जे मी फार पूर्वी नाटक संपल्यावर मेकअप पुसताना त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. "कसं झालं?" मी विचारलं. "बघशील ना पडद्यावर," म्हणाले.

सिनेमा आला नाही. निर्मात्यांचं आपसात बिनसलं आणि सगळं अडकून पडलं. बाबा अधूनमधून चौकशी करायचे. दिवाळीला त्या दिग्दर्शकाला फोन करायचे, शुभेच्छा द्यायचे आणि मग सहज आठवल्यासारखं विचारायचे, "आपलं ते... काही हालचाल?" हालचाल नसायची. मग त्यांना झटका आला. हात सावरला, पाय सावरला, वाचा गेली. शब्दांच्या जागी नुसता घशातला आवाज. बाबा पुढे दीड वर्ष आमच्यात होते, पण बोलले नाहीत. आई त्यांच्याशी दोघांच्या वाटचं बोलायची. "चहा हवाय ना? हो, हवाय. साखर घालू? घाल थोडी."

ते गेल्यानंतर मी माझा फोन पुन्हा पुन्हा चाळला. आवाज अगदीच नव्हता असं नाही, दोन-चार व्हॉइस मेसेज होते. 'पोचलो.' 'रिक्षा मिळाली.' 'दूध आण.' पण त्या आवाजात गच्चीवरचे बाबा नव्हते. ते कुठेच नव्हते. नाटकं कुणी रेकॉर्ड केलेली नव्हती. आणि टीव्हीवर आठवड्यातून एकदा तरी बाबा जीपमधून उतरायचे आणि त्या दुसऱ्यांच्या आवाजात बोलायचे. मीही आईसारखा आवाज बंद करायला लागले.

तेराव्यानंतर काही दिवसांनी, दुपारी, एक गृहस्थ दाराशी आले. पांढरा कुर्ता, हातात केळी आणि फुलं. कल्याणला कुणाकडे तरी पत्ता विचारत आलेले. मी दार उघडलं आणि ते म्हणाले, "बेटा, मैं साहब से मिलने... माफ़ करना, देर से ख़बर मिली."

आई स्वयंपाकघरात चहा गाळत होती, ती गाळणं हातात घेऊन तशीच बाहेर आली. बाबांच्या पडद्यावरच्या तोंडातून वीसेक वर्षं निघालेला आवाज आमच्या बाहेरच्या खोलीत उभा होता.

ते बसले. बाबांच्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. मग सांगायला लागले. बाबांना ते आयुष्यात एकदाच भेटले होते, एका डबिंग स्टुडिओच्या जिन्यात. कुणीतरी ओळख करून दिली. यांना वाटलं, आता हा माणूस चिडणार. बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, "आपने मेरी इज़्ज़त रखी." हे बाबांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

"पर एक बार क्यों कहूँ," ते म्हणाले. "मैं तो उनको रोज़ सुनता था."

आईला कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. सेटवर शूटिंग होतं तेव्हा नट बोलतो ते कच्चं रेकॉर्डिंग असतं. डबिंग करणाऱ्याच्या कानात हेडफोन लावून तेच वाजवतात, म्हणजे ओठ कधी हलले, श्वास कुठे घेतला ते कळतं. त्यावर आपला आवाज चढवायचा. कच्चं रेकॉर्डिंग मग टाकून देतात. "साहब जहाँ साँस लेते, मैं वहीं साँस लेता था. 'चलो' बोलने से पहले ज़रा रुकते थे. मैं भी रुकता था. रुकना उनका था, मेरा नहीं."

आई त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसली. गाळण्यातून चहा फरशीवर ठिबकत होता. तिने हळूच, तिच्या हिंदीत विचारलं, "कैसे बोलते थे वो? उधर?"

"सुनाऊँ?" त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "आपको बुरा तो नहीं लगेगा?"

आईने मान हलवली. त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या गळ्यातला तो घोटलेला जाडपणा गेला, खांदे जरा वर आले. थोडं थांबले.

"चलो. जरा चौकी तक चलना पड़ेगा."

तोच च. चमच्यातला. आई एकदम मोठ्याने हसली, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. "हे असंच! असंच म्हणायचे!" ती मला म्हणाली, आणि हसता हसता तिने गाळणं धरलेल्या हातानेच डोळे पुसले. मी गॅस बंद करायला आत गेले. गॅस आधीच बंद होता. ओट्याशी उभी राहून मी बाहेरचं ऐकत होते. आई म्हणत होती, "और एक बार बोलो ना." आणि ते बोलत होते.

जाताना त्यांनी चपला घालत मला विचारलं, एकाही सिनेमात साहेबांचा स्वतःचा आवाज राहिला नाही का? मी त्या अडकलेल्या सिनेमाचं सांगितलं. ते थांबले. "तो फिर वो कहीं तो पड़ा होगा, बेटा. वो फेंकते नहीं. वही तो असली है."

दिग्दर्शकाचा फोन लागत नव्हता. तो दुसऱ्या देशात गेला होता. पण त्याची सहायक दिग्दर्शक ठाण्यात, घोडबंदर रोडला राहते असं कळलं. शूटिंगच्या दिवशी बंगल्याच्या जिन्यावर मला पाणी आणून देणारी मुलगी ती हीच. आता तिला एक लहान मूल होतं. मी कोर्टातून परस्पर तिच्याकडे गेले. तिने बाळाला सासूकडे दिलं, कपाटातून हार्ड डिस्क काढली आणि कॉम्प्युटरला लावली. "ताई, पिक्चर देता येणार नाही हं, ते निर्मात्यांचं आहे. पण बघा ना. निवांत बघा."

पडद्यावर चौकी. बाकावर बाबा, साधा सदरा, हातात पिशवी. कुणीतरी क्लॅप दिला. बाबा थोडं थांबले आणि बोलले.

जाड, घोटलेला आवाज. मी त्या मुलीकडे बघितलं. पहिल्या टेकला बाबा त्या दुसऱ्यांच्या आवाजात बोलत होते! पडद्यावर ज्या आवाजात स्वतःला ऐकलं होतं त्याची नक्कल, तीही जेमतेम जमलेली. कॅमेऱ्यामागून दिग्दर्शक म्हणाला, "काका, असं नको. घरी बोलता तसं बोला."

"घरी मी फार बोलत नाही," बाबा म्हणाले. सेटवर सगळे हसले.

पुन्हा क्लॅप. पंखा नाही, कुणाची हालचाल नाही. "मेरा लड़का कल से घर नहीं आया, साहब. चार जगह पूछ के आया." एवढंच. ओरडले नाहीत. पण मी त्या अनोळखी घरात खुर्चीची कड घट्ट धरून बसले होते, आणि मला वाटत होतं की आता कुणीतरी मला झोप म्हणेल. पुढे इन्स्पेक्टरचे प्रश्न आणि बाबांची उत्तरं. मुलाचं वय, कपडे, कुणाशी भांडण. प्रत्येक उत्तराआधी ते थांबणं.

कट झाला, पण कॅमेरा चालूच राहिला होता. बाबा बाकावरून अर्धवट उठले आणि बाजूला हेडफोन लावून बसलेल्या माणसाकडे वाकून त्यांनी विचारलं, "हा माझाच राहणार ना? नक्की?"

त्या माणसाने अंगठा वर केला. बाबांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली, इकडेतिकडे बघितलं, कुणी बघत नाही असं वाटून हसले.

"ताई, पाणी देऊ?" ती मुलगी म्हणाली. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पिक्चर नाही, पण आवाज घ्या तुम्ही. आवाजाला कोण विचारतंय."

तो फोनवर घेऊन मी घरी आले. आईला लगेच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पूजा झाली, चहा झाला, मग सांगितलं. ती फोन घेऊन गॅलरीत गेली. मी लावून दिलं. मला वाटलं होतं ती समोर ठेवून ऐकेल. तिने तो कानाला लावला, कुणाचा फोन आल्यासारखा. कठड्याला टेकून, खाली रस्त्याकडे बघत ती ऐकत होती. बाबा थांबायचे तिथे ती "हं" म्हणत होती.

संपल्यावर तिने फोन पदराला पुसून माझ्या हातात दिला.

"चांगला आहे आवाज," म्हणाली. "थकलेले नव्हते तेव्हा."

मग आत जाता जाता दारात थांबली.

"पुढे सापडतो का गं त्यांचा मुलगा?"

मला माहीत नव्हतं. ते विचारायचं मला सुचलंच नव्हतं.